एक भाचा, एक पुतण्या आणि आपले मन

मार्चअखेरचा आठवडा बँकेत नोकरी केलेल्या माणसाला निवृत्तीनंतरही विसरता येत नाही. २००८ सालच्या अशाच एका आठवड्यातील प्रसंग माझ्या मनात अजून सलतो आहे आणि प्रस्तुत लेखाचे मूळ त्या प्रसंगातच आहे.

त्या वेळी मी एका शाखेत अधिकारी होतो. बँकेने एका विमा कंपनीशी करार केला होता आणि प्रत्येक शाखेला विमा विक्रीचे उद्दिष्ट ठरवून दिले होते. एके दिवशी दुपारी एक वृद्ध विधवा बाई मुदत ठेवीच्या नूतनीकरणासाठी आल्या. दिवंगत पतीच्या निवृत्तीचे पैसे त्या ठेवीत होते. मी त्यांना बसवले, चहा मागवला आणि म्हणालो, “काकू, व्याजदर उतरणार आहेत. ही नवी योजना एकतीस तारखेपर्यंतच आहे. कालच पेठेतल्या तीन शेठजींनी घेतली. उद्या काही कमी-जास्त झालं, तर नातवाच्या शिक्षणाचं काय?” काकूंनी कागद वाचला नाही. “साहेब, तुम्ही सांगताय म्हणजे विचार करूनच सांगत असाल,” एवढेच म्हणून त्यांनी सह्या केल्या.

त्या योजनेचा हप्ता दरवर्षी भरावयाचा होता. दुसऱ्या वर्षी काकूंना तो भरता आला नाही. पॉलिसी बंद पडली आणि शुल्क वजा जाता हाती आलेली रक्कम मूळ रकमेपेक्षा पुष्कळच कमी होती. काकू भांडल्या नाहीत. “मीच वाचायला हवं होतं, साहेब,” असे म्हणून त्या निघून गेल्या.

मी एकही वाक्य खोटे बोललो नव्हतो. योजना खरोखरच एकतीस तारखेपर्यंत होती, तीन व्यापाऱ्यांनी ती खरोखरच घेतली होती. हप्ता दरवर्षीचा आहे हेही कागदावर छापलेले होते. कागद हाती पडल्यापासून पंधरा दिवसांत पॉलिसी परत करता येते, हे मात्र मी त्यांना आवर्जून सांगितले नाही. मग माझी चूक नेमकी कोठे झाली? निवृत्तीनंतर या प्रश्नाचा पाठपुरावा करताना मला जे वाचावयास मिळाले, ते आपल्या व्यापारी कुटुंबांपुढे ठेवावे असे वाटले. कारण गल्ल्यावर बसलेला माणूस सकाळी विकणारा असतो, तर संध्याकाळी घरी मोबाइल हाती घेतला की तोच गिऱ्हाईक होतो.

मानसशास्त्र पेढीवर येते

आम्ही एम. कॉम. करीत असताना जाहिरातशास्त्राच्या पुस्तकात चार पायऱ्या पाठ कराव्या लागत: लक्ष वेधणे, कुतूहल जागविणे, इच्छा निर्माण करणे आणि कृती घडविणे. परीक्षेपुरते ते ठीक होते. या पायऱ्यांमागे किती प्रयोगशाळा उभ्या आहेत याची आम्हांस कल्पना नव्हती.

वॉल्टर डिल स्कॉट या अमेरिकन प्राध्यापकाने १९०८ साली जाहिरातीच्या मानसशास्त्रावर ग्रंथ लिहिला. मनुष्य विचार करून खरेदी करतो ही समजूत अपुरी असून, पुष्कळदा तो सूचनेच्या प्रभावाने खरेदी करतो, असे त्याचे प्रतिपादन होते. त्यानंतर जॉन वॉटसन आला. भीती, राग आणि प्रेम या मूळ भावनांना वळण लावता येते, असे त्याचे मत होते. १९२० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या एका प्रयोगात एका तान्ह्या मुलाला पांढरा उंदीर दाखविताना मागे लोखंडी सळईवर हातोडा मारून मोठा आवाज केला जाई. काही वेळा असे झाल्यावर ते मूल नुसत्या उंदराला पाहूनही रडू लागले. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही. त्याच वर्षी वॉटसनला विद्यापीठ सोडावे लागले आणि तो जे. वॉल्टर थॉम्पसन या बड्या जाहिरात संस्थेत रुजू झाला. चार वर्षांत तो तिचा उपाध्यक्ष झाला. याच संस्थेने १९२९ साली मुंबईत आपली शाखा उघडली. मनाच्या अभ्यासकांना पेढीवर बसविण्याची ती रीत अशा मार्गाने आपल्या दाराशी आली.

काकूंना मी नातवाच्या शिक्षणाची भीती घातली, तेव्हा मला वॉटसनचे नावही ठाऊक नव्हते. परंतु आमच्या प्रशिक्षण वर्गात जे शिकविले जात होते, ते त्याच प्रयोगशाळेतून निघून वळणे घेत घेत आमच्यापर्यंत पोहोचलेले होते.

व्हिएन्नाचा भाचा

या कथेतील प्रमुख पुरुष म्हणजे एडवर्ड बर्नेज. त्याचा जन्म १८९१ साली व्हिएन्नात झाला. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड हे त्याचे सख्खे मामा. इतकेच नव्हे, तर फ्रॉइड यांची पत्नी ही बर्नेजच्या वडिलांची बहीण. म्हणजे दोन्ही नात्यांनी तो त्यांचा भाचा. बालपणीच तो अमेरिकेत गेला. पहिल्या महायुद्धानंतर मामांनी आपल्या व्याख्यानांचे पुस्तक त्याला भेट दिले आणि भाच्याने अमेरिकेत त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध करविले. माणसाच्या मनाचा मोठा भाग त्याच्या स्वतःच्याच नजरेआड असतो, हा मामांचा सिद्धान्त होता. मामांनी तो रुग्णांना बरे करण्यासाठी मांडला. भाच्याने त्यातून एक व्यवसाय उभा केला आणि त्याला ‘जनसंपर्क’ असे सभ्य नाव दिले. १९२३ साली लोकमतावर आणि १९२८ साली ‘प्रोपगंडा’ याच नावाने त्याची पुस्तके निघाली.

त्याचे सर्वांत गाजलेले काम १९२९ सालचे. अमेरिकेत त्या काळी स्त्रियांनी रस्त्यावर सिगारेट ओढणे अशिष्ट समजले जाई. एका तंबाखू कंपनीला ही अर्धी बाजारपेठ हवी होती. बर्नेजने ए. ए. ब्रिल या मनोविश्लेषकाचा सल्ला घेतला. पुरुषांच्या हातातील सिगारेट ही स्त्रीच्या मनात स्वातंत्र्याची मशाल ठरू शकते, असे ब्रिलने सुचविले. ३१ मार्च १९२९ रोजी ईस्टरच्या दिवशी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर काही तरुणी मिरवणुकीत सिगारेट ओढीत चालल्या. वृत्तपत्रांना आगाऊ सूचना मिळालेली होती. दुसऱ्या दिवशी बातमी आली ती स्त्रीस्वातंत्र्याची. तंबाखू कंपनीचे नाव कोठेही नव्हते.

या एका मिरवणुकीने स्त्रिया धूम्रपान करू लागल्या, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. ते प्रमाण आधीपासूनच वाढत होते आणि या पराक्रमाच्या बऱ्याच कथा खुद्द बर्नेजनेच सांगितलेल्या आहेत. जाहिरातदार स्वतःची जाहिरातही करणारच. परंतु ही पद्धत ध्यानात घेण्यासारखी आहे. वस्तूविषयी एक शब्दही बोलावयाचा नाही, वस्तूला माणसाच्या एखाद्या न्याय्य आकांक्षेशी बांधून टाकावयाचे आणि आपण पडद्यामागे राहावयाचे. आपल्या पत्नीने मात्र सिगारेट सोडावी म्हणून तो घरात झटत असे, असे त्याच्या चरित्रात नमूद आहे. पुढे त्याने धूम्रपानाच्या विरोधातही काम केले आणि १९९५ साली, वयाच्या १०३ व्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला.

किर्लोस्करवाडीचा पुतण्या

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. ज्या १८९१ साली बर्नेज जन्मला, त्याच साली शंकर वासुदेव किर्लोस्कर यांचाही जन्म झाला. लोखंडी नांगराचे कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे ते पुतणे. तिकडे भाचा, इकडे पुतण्या. दोघांनीही वडीलधाऱ्यांचे काम लोकांच्या मनापर्यंत नेण्याचा उद्योग केला. साम्य मात्र येथेच संपते.

लक्ष्मणरावांपुढची अडचण पूर्णतः मानसिक होती. नांगर चांगला होता, पण लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली असे सांगतात. पुढे औंध संस्थानच्या अधिपतींनी जमीन दिली आणि १९१० साली कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. चित्रकलेचे शिक्षण घेतलेले शंकरराव तेथे आले आणि जाहिरातीचे काम पाहू लागले.

१९२० साली त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे छोटे नियतकालिक काढले. हेतू उघड होता: कारखान्याची, यंत्रांची व मालाची माहिती गिऱ्हाइकांना आणि विक्रेत्यांना मिळावी. नांगराच्या धंद्याचे पत्रक म्हणून जन्मलेले हे नियतकालिक काही वर्षांतच मराठी घराघरांत वाचले जाऊ लागले. नावातील ‘खबर’ गळाली, ‘किर्लोस्कर’ उरले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही भावंडे निघाली. उद्योग, आरोग्य, विधवांचे व परित्यक्तांचे प्रश्न, रूढींची चिकित्सा असे विषय त्यांत आले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’मधूनच प्रसिद्ध झाले.

हीसुद्धा जाहिरातच होती, यात शंका नाही. मासिक वाचणाऱ्याच्या मनात किर्लोस्कर या नावाविषयी आदर निर्माण होई आणि नांगर, चरक किंवा पंप घेताना तो आदर उपयोगी पडे. बर्नेजच्या भाषेत हा उत्तम जनसंपर्क ठरला असता. परंतु दोन गोष्टींत हे काम वेगळे पडते. पहिली ही की, बोलणाऱ्याचे नाव मुखपृष्ठावरच मोठ्या अक्षरांत होते. वाचकाला प्रथमपासून ठाऊक होते की हा आवाज कारखानदाराचा आहे. दुसरी गोष्ट अशी की, वाचकाने नांगर घेतला नाही तरी मासिक वाचून तो काहीतरी शिकून उठे. शेतकऱ्याची भीती काढावयाची होती, तीही नांगर प्रत्यक्ष चालवून दाखवून आणि माहिती देऊन. मुलाला रडविण्यासाठी जी भीती वॉटसनने निर्माण केली, तिच्या नेमके उलट हे काम होते.

साबण, चहा आणि ललिताजी

अशी आणखीही उदाहरणे आपल्या अवतीभवती आहेत. मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास प्राणिज चरबी न वापरता केवळ वनस्पती तेलापासून साबण तयार केला व त्याला ‘चावी’ असे नाव दिले. अहिंसा पाळणाऱ्या कुटुंबांना त्या काळी साबण म्हणजे संशयाचीच वस्तू वाटे. येथे जाहिरातीला सांगण्याजोगे एक सत्य मिळाले. पुढे त्यांनी अंघोळीच्या साबणांना क्रमांक दिले, त्यांत आधी ‘दोन नंबर’ बाजारात आणला आणि मागाहून ‘एक नंबर’. दोन नंबरच इतका चांगला, तर एक नंबर केवढा चांगला असेल, असे गिऱ्हाइकाच्या मनाने आपोआप म्हणावे, हा त्यामागील विचार होता असे सांगतात. मनाची ही नस त्यांना कोणत्याही ग्रंथावाचून सापडली होती.

चहाची कथा आणखी मोठी आहे. आपल्या आजोबांच्या पिढीत खेड्यापाड्यांत चहा सर्रास पीत नसत. मळेवाल्यांच्या संघटनेने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चहाचा पद्धतशीर प्रसार केला. रेल्वे स्थानकांवर चहा करण्याची कृती सांगणाऱ्या मिन्याच्या पाट्या लावल्या आणि बाजारात, यात्रेत फुकट कप पाजले. सवय लागल्यावर पैसे घेण्यास वेळ लागला नाही. आमच्या गावाचे नाव मिरविणारे बेलापूर स्थानक प्रत्यक्षात श्रीरामपुरात आहे. तेथे गाडी थांबली की पहिली हाक कानी येते ती चहाची. तेव्हा त्या हाकेमागील शंभर वर्षांचा उद्योग मला आठवतो.

ऐंशीच्या दशकातील ललिताजी तर सर्वांच्याच स्मरणात असतील. ‘निरमा’ने स्वस्ताईच्या बळावर धुण्याच्या पावडरीचा बाजार काबीज केला, तेव्हा महाग ‘सर्फ’पुढे पेच पडला. अलेक पदमसी यांनी घासाघीस करणाऱ्या आपल्या आईच्या स्वभावावरून ललिताजी हे पात्र रंगविले आणि कविता चौधरी यांनी ते वठविले. महाग वस्तू घेणारी स्त्री उधळी नसून हिशेबी आहे, असा दिलासा त्या पात्राने गृहिणीला दिला. आपल्याच स्वभावाला अनुरूप असे कारण हाती मिळाले की माणूस खिशात हात घालतो.

गर्दीचे शास्त्र आणि गर्दीचा विश्वास

बाजारात चालते ते राजकारणात चालल्यावाचून राहत नाही. फ्रेंच लेखक गुस्ताव्ह ल बॉं याने १८९५ साली जमावाच्या मानसशास्त्रावर आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. हा गृहस्थ १८८४-८५ च्या सुमारास हिंदुस्थानात फिरून गेलेला होता. जमावात माणसाची विवेकबुद्धी मावळते, तो प्रतिमा, पुनरुक्ती आणि ठाम विधाने यांच्या आहारी जातो, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या लेखणीला जमावाची भीती वाटत होती.

हा ग्रंथ निघण्याच्या दोन वर्षे आधी, १८९३ पासून, पुण्यात लोकमान्य टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला बळ दिले होते. १८९६ साली रायगडावर शिवजयंतीचा उत्सव झाला. सभेला न येणारा माणूस उत्सवाला येतो, व्याख्यान न ऐकणारा मेळ्यातील पद ऐकतो, हे टिळकांनी ओळखले. ‘केसरी’तून १८८१ पासून बुद्धीला आवाहन चाललेच होते, उत्सवांनी त्याला भावनेची जोड दिली. गर्दीचा उपयोग कसा करावा हे युरोपात ग्रंथरूपाने येण्यापूर्वीच आपल्याकडे प्रत्यक्षात आलेले होते. त्या उत्सवांमुळे समाजासमाजांत काही ठिकाणी तेढही वाढली, ही नोंदही इतिहासात आहे. गर्दीचे हत्यार कोणाच्याही हातात असो, त्याला दोन धारा असतात.

अमेरिकेने १९१७ साली महायुद्धात उडी घेतली, तेव्हा जॉर्ज क्रील यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी प्रचार समिती नेमण्यात आली. चित्रपटगृहांत चार मिनिटांची भाषणे देणारे सुमारे ७५,००० स्वयंसेवक तिने तयार केले. तरुण बर्नेज याच समितीत काम करीत होता. युद्धात लोकमत घडविता येते तर शांततेतही येईल, हा धडा तो तेथेच शिकला. पुढे १९३३ साली त्याला कळले की नाझी प्रचारमंत्री गोबेल्सच्या ग्रंथसंग्रहात त्याचेच पुस्तक असून ज्यूंविरुद्धच्या मोहिमेसाठी त्याचा आधार घेतला जात आहे. बर्नेज स्वतः ज्यू होता. ही हकीकत त्याने आपल्या आत्मचरित्रात लिहिली आहे. चाकूला धार लावणाऱ्याने तो कोणाच्या हाती जाईल याचाही विचार करावा, यासाठी याहून दारुण उदाहरण माझ्या वाचनात नाही.

याच काळातील आपल्याकडील दोन घटना त्या न्यूयॉर्कच्या मिरवणुकीशेजारी ठेवून पाहा. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. १२ मार्च १९३० रोजी गांधीजी साबरमतीहून निघाले आणि ६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर त्यांनी चिमूटभर मीठ उचलले. पाणी आणि मीठ या वस्तू प्रत्येक घरातल्या होत्या. प्रतीकाची ताकद या दोघांनाही बर्नेजपेक्षा कमी कळत होती असे कोण म्हणेल? परंतु गांधीजींनी २ मार्चलाच व्हाइसरॉयला पत्र पाठवून आपला बेत कळविला होता. महाडला तळ्यावर गेलेल्यांना नंतर मार सोसावा लागला, मिठाच्या सत्याग्रहात हजारो लोक तुरुंगात गेले. बोलणारे समोर होते, हेतू उघड होता आणि किंमत बोलणाऱ्यांनी स्वतः मोजली. न्यूयॉर्कच्या मिरवणुकीत हेतू झाकलेला होता आणि किंमत पुढे दुसऱ्यांच्या फुफ्फुसांनी मोजली.

आमच्या परिसरातीलच एक उदाहरण येथे द्यावेसे वाटते. जवळच्या लोणी येथील विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने सहकारी साखर कारखान्यासाठी शेतकऱ्यांकडून भागभांडवल उभे केले आणि १९५० साली प्रवरेच्या परिसरात तो कारखाना सुरू झाला. विखे पाटलांचे शालेय शिक्षण फारसे नव्हते. सावकारीने पोळलेल्या शेतकऱ्याला गाठीचे पैसे एका न पाहिलेल्या यंत्रासाठी काढावयास लावणे, ही मनोविज्ञानातील अवघड परीक्षा म्हणावी लागेल. ती त्यांनी गावोगाव फिरून, घोंगडीवर बसून पार पाडली. सांगणारा माणूस उद्या आणि परवाही त्याच गावात राहणार आहे, हा त्या बोलण्यामागचा तारण-दस्त होता.

खिशातील बाजार

आपल्या काळात या विद्येने आणखी एक पाऊल पुढे टाकले आहे. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली दाखविले की, शंभर रुपये मिळाल्याचा आनंद लहान असतो आणि शंभर रुपये गेल्याचे दुःख मोठे. कानेमान यांना २००२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. रॉबर्ट सियाल्डिनी यांनी १९८४ च्या आपल्या पुस्तकात मन वळविण्याची प्रमुख साधने मांडली: आधी काही देऊन ऋणात ठेवणे, लहानसा होकार मिळविणे, इतरांचे उदाहरण दाखविणे, अधिकाराचा प्रभाव, आपुलकी आणि टंचाई. ही यादी वाचताना माझ्या हातातील पुस्तक खाली गेले. चहाचा कप, तीन शेठजी, ‘साहेब’ ही पदवी, ‘काकू’ ही हाक आणि एकतीस तारीख! मी त्या दुपारी यादीतील बहुतेक सर्व साधने वीस मिनिटांत वापरली होती.

आता हेच काम यंत्रे करतात. आपण काय पाहतो, कोठे थांबतो, कशाने चिडतो याची नोंद होते व त्याप्रमाणे प्रत्येकाला वेगळा मजकूर दिसतो. लाखो फेसबुक सदस्यांची माहिती त्यांच्या नकळत राजकीय प्रचारासाठी वापरल्याचे केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण २०१८ साली उघडकीस आले. अशा प्रयोगांनी निवडणुकांचे निकाल किती फिरतात, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. प्रत्येक दाव्यावर विश्वास ठेवू नये. १९५७ साली जेम्स व्हिकारी नावाच्या गृहस्थाने, चित्रपटात क्षणार्धासाठी गुप्त संदेश दाखवून खाद्यपदार्थांचा खप वाढविल्याचा डांगोरा पिटला होता. पाच वर्षांनी आपल्याकडे पुरेशी माहितीच नव्हती असे त्याला मान्य करावे लागले. मन इतके दुबळे नाही. परंतु थकलेले, घाबरलेले किंवा घाईत असलेले मन दुबळे असते आणि विकणारा तोच क्षण शोधीत असतो.

कायद्यानेही याची दखल घेतली आहे. भ्रामक जाहिरातींविषयी जून २०२२ मध्ये आणि ऑनलाइन व्यवहारांतील फसव्या रचनांविषयी नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक सूचना काढल्या. दुसऱ्या सूचनांत अशा तेरा प्रकारांची नोंद आहे. ‘फक्त दोनच नग शिल्लक’ अशी खोटी घाई, न मागता टोपलीत घातलेली वस्तू, ‘नको’ म्हणणाऱ्याला लाजविणारे शब्द, हे त्यांतील काही. विमा पॉलिसी परत करण्याची मुदतही २०२४ पासून तीस दिवसांची झाली आहे. आपली पुढील पिढी दुकान ऑनलाइन नेत आहे; तिने आणि तिच्याकडून संकेतस्थळ तयार करून देणाऱ्याने या सूचना जरूर वाचाव्यात.

आपल्या परंपरेतील अचौर्य व्रताच्या अतिचारांत कमी-अधिक मापे आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सल म्हणून नक्कल खपविणे, यांचा उल्लेख आहे. तराजूचा काटा डोळ्यांना दिसतो. गिऱ्हाइकाच्या मनाचा काटा मात्र बोटाने हलका दाबला तर तो कोणास दिसत नाही, खुद्द गिऱ्हाइकासही नाही. शासनाचे वजनमापे निरीक्षक तेथे पोहोचू शकत नाहीत.

बाबूजींचा गुळाचा खडा

बेलापुरात आमचे लहानसे किराणा दुकान होते. दुकानात मूल आले की बाबूजी त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवीत. सियाल्डिनी यांच्या यादीप्रमाणे हे ‘ऋणात ठेवणे’च झाले. मी एकदा बाबूजींना विचारले होते, “गूळ दिल्यानं गिऱ्हाईक वाढतं म्हणून देता का?” ते हसून म्हणाले, “वाढतं ना. पण मूल रिकाम्या हातानं गेलेलं मला बघवत नाही.” त्याच बाबूजींनी एकदा, डाळ जुनी आहे हे गिऱ्हाइकाने विचारण्यापूर्वीच सांगितले आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेले. आठवडाभराने ते परत आले आणि पुढे वर्षानुवर्षे येत राहिले.

मन वळविणे हा व्यापाराचा भागच आहे. ते सोडून द्या असे मी म्हणणार नाही. विकत असताना आपण एकच कसोटी लावावी: मी जे करतो आहे ते गिऱ्हाइकाला मोकळेपणाने सांगता येईल काय? “आजोबा, तुम्हांला घाई वाटावी म्हणून मी तारीख सांगतो आहे” हे वाक्य जर तोंडातून निघत नसेल, तर ती तारीख सांगण्यातच खोट आहे. विकत घेताना किंवा मत बनविताना तीन प्रश्न विचारावेत. हे नेमके कोण बोलत आहे? मी ‘हो’ म्हटल्याने त्याला काय मिळणार? आणि मी उद्या सकाळपर्यंत थांबलो, तर काय बिघडेल? बँकेतील इतक्या वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, एक रात्र मध्ये गेल्याने बुडालेला चांगला व्यवहार मी पाहिलेला नाही. घाईने बुडालेले पुष्कळ पाहिले. घरातील वृद्धांना व मुलांना हे तीन प्रश्न अवश्य शिकवावेत, कारण फोनवरील भामटे प्रथम त्यांनाच गाठतात.

निवृत्तीनंतर मी काकूंच्या घरी गेलो. झालेली हकीकत मी त्यांना प्रथमपासून सांगितली: उद्दिष्ट, एकतीस तारीख, पंधरा दिवसांची मुदत, सारे काही. त्यांचे झालेले नुकसान भरून देण्याइतकी माझी ऐपत नव्हती. जी थोडी रक्कम मी पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. त्यांनी चहा केला. निघताना त्या म्हणाल्या, “साहेब, नातू आता नोकरीला लागलाय. त्याला कुणी तरी विमा विकायला येतंय. तुम्ही एकदा कागद वाचून द्याल का?”

त्या रविवारी मी तो कागद दोनदा वाचला. नातू समोर बसला होता. कोणत्या ओळीत काय लपले आहे ते त्याला बोट ठेवून दाखविले आणि निर्णय त्याच्यावर सोपवून घरी आलो.